निळा शर्ट जमा केला तेव्हा

टॉवरच्या फाटकाचं कुलूप मी कधी थेट उघडत नाही. आधी हातात घेऊन बघतो. किल्लीच्या भोकाभोवती नवा ओरखडा आहे का, कुलपावरची धूळ कोणी पुसली आहे का, साखळीला मी दिला होता तसाच पीळ आहे का. मग वास घेतो. डिझेलचा वास यावा तेवढाच यावा लागतो. जास्त आला तर गळती, अजिबात नाही आला तर चोरी. एवढं सगळं झालं की किल्ली लावतो. माझी बायको सुमन म्हणते, "घरचं दारबी तुमी असंच उघडता." म्हणू दे. ह्या कामानं मला संशय घ्यायला शिकवलं आणि बहुतेक वेळा माझा संशय खरा निघाला, त्याला मी काय करू?

मी माधव, आखाडा बाळापूरचा. आधी बाजारात मोटारी भरायचं दुकान होतं. शेतकऱ्यांचे जळालेले पंप यायचे, मी तांब्याची तार गुंडाळून ते चालू करून द्यायचो. टॉवर आले तसा मी टॉवरकडे वळलो, तो अजून तिथंच आहे. दिवाळी अंकाच्या संपादकांनी सांगितलं, टॉवरवरच्या गमती लिहा. गमती पुष्कळ आहेत. पण लिहायला बसलो की एकच प्रकरण पुढं येऊन बसतं आणि बाकीच्यांना जागा देत नाही.

ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. टॉवर नुसता उभा असून रेंज येत नाही. त्याला सतत वीज लागते आणि आपल्याकडची वीज कधी जाईल याचा भरवसा नाही. वीज गेली की खालच्या पेटीतल्या बॅटऱ्या भार उचलतात. त्या दमल्या की जनरेटर सुरू होतो. यातलं काही बिघडलं की लांब कुठल्यातरी शहरात कंट्रोल रूममध्ये लाल दिवा लागतो आणि तिथला पोरगा मला फोन करतो, "सर, साइट डाऊन आहे." मग मी मोटारसायकल काढतो. कधी उंदरांनी वायर खाल्लेली असते, कधी फिल्टर तुंबलेला असतो, कधी जनरेटरच्या उबेला साप येऊन बसलेला असतो. कधी पट्टा बांधून वरच्या टोकापर्यंत चढावं लागतं. वर वारा असतो आणि आग्या मोहोळही असतं. मोहोळ दिसलं की मी कंट्रोल रूमला सांगतो, वरची जागा सध्या भाड्यानं दिलेली आहे.

माणसंही एकेक भेटतात. एका गावातला माणूस मला बघितलं की टोपी काढून डोकं दाखवायचा. "बघा, तुमच्या टॉवरनं काय केलं!" टॉवरमुळं केस गेले अशी त्याची खात्री होती. पण टॉवर बंद पडला की सगळ्यात आधी फोन त्याचाच यायचा. एका सरपंचाच्या माडीवर रेंज येत नव्हती, तर ते म्हणाले, टॉवर जरा हिकडं वळवा. समजावून दमलो. शेवटी वर चढलो, थोडा वेळ बसलो, गार वारा खाल्ला, खाली उतरलो आणि म्हणालो, आता बघा. ते माडीवर जाऊन फोन कानाला लावून ओरडले, "आली, बराबर आली!" त्यानंतर ते मला गावचा जावई असल्यासारखं वागवायला लागले.

आणि गयाबाई. वारंगा फाट्याच्या अलीकडं तिच्या वावरात आमचा एक टॉवर आहे. हळद शिजवली की ती टॉवरच्या जाळीच्या आत वाळत घालायची, कारण आत शेळ्या येत नाहीत आणि खाली सिमेंटचा कोबा आहे. कंपनीचा नियम होता की जाळीच्या आत बाहेरची एक काडीसुद्धा असता कामा नये. फाटक मीच उघडून द्यायचो आणि हळदीबद्दल कधी कळवलं नाही. त्या बदल्यात गयाबाईनं त्या टॉवरवर जशी नजर ठेवली तशी पगारी वॉचमननं ठेवली नसती. आसपासच्या टॉवरच्या बॅटऱ्या चोरीला जायच्या, तिच्या वावरातल्या कधी गेल्या नाहीत.

मी सारखं कंपनी कंपनी म्हणतोय, पण खरं तर आम्ही कंपनीचे नव्हतोच. म्हणजे कागदावर नव्हतो. कागदावर आमच्या प्रत्येकाच्या नावापुढं व्हेंडर असं लिहिलेलं असायचं. व्हेंडर म्हणजे स्वतःचा धंदा असलेला माणूस, भाजी विकतो तसा सेवा विकणारा. मात्र अंगात कंपनीचा निळा शर्ट, खिशावर कंपनीचं चिन्ह, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, हातात कंपनीची हत्यारं. कधी कुठं जायचं ते कंपनी सांगणार, लग्नाला जायचं तर सुट्टी मागायची ती कंपनीकडं. पगार म्हणायचा नाही, बिल म्हणायचं. आजारी पडलो तर आपले आपण. वर्षानुवर्षं असंच चाललं, कोणी विचारलं नाही.

मग विचारायला लागले. कर खात्याची आणि भविष्य निधीवाल्यांची तपासणी कडक होणार अशी बातमी आली आणि आम्हाला नांदेडला एका हॉटेलात बैठकीला बोलावलं. बैठकीत समोसे होते. ज्या कंपनीनं आम्हाला कधी चहा पाजला नाही तिनं समोसे ठेवले, तिथंच माझ्या मनात पाल चुकचुकली. मी समोसा उचलला नाही. जगदाळे साहेब म्हणून आमचे सुपरवायझर होते, पुण्याकडचे, बोलायला गोड. ते म्हणाले, "मंडळी, अभिनंदन! आजपासून तुम्ही खऱ्या अर्थानं स्वतंत्र व्यावसायिक."

स्वतंत्र होण्यासाठी काय करायचं तेही त्यांनी सांगितलं. निळे शर्ट जमा करायचे. ओळखपत्रं जमा करायची. हत्यारं तीच राहतील, पण ती आम्ही विकत घेतली असं लिहून द्यायचं. प्रत्येकानं आपल्या फर्मचं नाव ठेवायचं आणि कार्ड छापायचं. कोणी विचारलं तर आमची कंपनी असं म्हणायचं नाही. आणि करारात एक नवं कलम होतं. आपल्याला जमत नसेल तर आपल्या जागी दुसरा माणूस पाठवायची आम्हाला मुभा होती. नोकराला असं करता येत नाही, तेव्हा ज्याला करता येतं तो नोकर नव्हे, असा त्यामागचा हिशेब होता.

आमच्यातला वसमतचा अन्वर शर्टाची घडी घालता घालता म्हणाला, "शर्ट ले लिए, अब खाल भी लेंगे क्या?" सगळे हसले, जगदाळे साहेबसुद्धा हसले. मला ते हसू आवडलं नाही.

मी फर्मचं नाव सुमन टेलिकॉम सर्व्हिसेस ठेवलं. घरी सांगितलं तर सुमन लाटणं हातात धरून बघतच राहिली. "माझं नाव काहून? काय लपवून राहिले माझ्या नावाखाली?" तिला समजावता समजावता भाकरी करपली. संशय काही माझ्या एकट्याच्या घराण्यात नाही.

आमच्यात सिद्धार्थ म्हणून एक होता. वयानं माझ्यापेक्षा पुष्कळ लहान. त्याच्याकडं बाळापूर-कळमनुरीचा पट्टा होता आणि माझ्याकडं वारंग्याचा, म्हणून रोजची गाठभेट. वर चढण्यात त्याच्याइतका हलका माणूस मी बघितला नाही, आणि हातात पडेल ते वाचायची त्याला खोड. त्यानं वसमतच्या एका कर सल्लागाराला गाठलं. त्यांना सगळे वकीलसाहेब म्हणतात. तिथून आला तो थेट माझ्या ओट्यावर.

"भाऊ, नियम उलटा हाय," तो म्हणाला. "माणूस तुमच्या हुकमानं, तुमच्या टायमात, तुमच्या हत्यारानं काम करून राहिला असंल, तर कागदावर काय बी लिहा, तो नोकरच. त्याचा निधी भरा, विमा काढा, त्याला सुट्टी द्या. नियम आपल्यासाठी कडक झालाय. आन् कंपनीनं काय केलं? आपल्याला नोकर करायच्या ऐवजी आपला शर्ट काढून घेतला."

"मंग आता?"

"निधीच्या हापिसात अर्ज करायचा. समद्यांच्या सह्यांचा. आमी यांचेच मानसं हावोत म्हनून."

मी लगेच सही केली नाही. हा पोरगा पुढारी व्हायला निघालाय का, त्याला ह्यात काय मिळणार आहे, हे मी आधी पारखून घेतलं. वकीलसाहेबांची फी कोण देतो तेही विचारलं. अर्ज घरी आणून वाचला, सुमनकडून वाचून घेतला. सगळ्यांच्या सह्या झाल्या, शेवटची माझी. अर्ज गेला. आता अधिकारी येतील, चौकशी होईल आणि काय ते ठरेल, असं कळलं. आम्ही वाट बघायला लागलो.

त्याच दिवसांत आमच्या साडूच्या मुलीचं लग्न औंढ्याला होतं. मी अक्षता हातात घेऊन उभा आणि खिशात फोन वाजतोय. गयाबाईच्या वावरातला टॉवर बंद पडला होता. पूर्वी असतं तर लग्न सोडून पळालो असतो. पण आता करारात मुभा होती ना! मी सिद्धार्थला फोन लावला. "माझ्या जागी जाशील का रे? किल्ली घरी हाय, सुमनच्या जाऊबाईकडून घे." तो म्हणाला, "जातो की भाऊ. तुमी जेवून घ्या निवांत."

तो गेला. त्यानं कुलूप उघडलं. बॅटरीचा एक सेल मेला होता, तो त्यानं काढला, जोडणी केली, टॉवर चालू करून दिला. मेलेला सेल बदलून आणायचा म्हणून गोणपाटात गुंडाळून मोटारसायकलला बांधायला लागला. त्याच्या अंगात साधा चौकटीचा शर्ट. गयाबाई वरच्या बांधावरून येत होती. तिनं बघितलं, अनोळखी माणूस, माधव नाही, निळा शर्ट नाही आणि बॅटरी घेऊन चाललाय. शेजारच्या गावातल्या टॉवरच्या बॅटऱ्या नुकत्याच गेलेल्या. तिनं बोंब मारली. वावरावावरातून माणसं धावली.

सिद्धार्थनं कार्ड दाखवलं. सिद्धार्थ टेक सर्व्हिसेस. लोक म्हणाले, असलं कार्ड हिंगोलीत कोणीही छापून देतं. त्यानं कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन लावून तो स्पीकरवर ठेवला. पलीकडच्या बाईनं अत्यंत नम्रपणे सांगितलं, "या नावाचे आमचे कोणीही कर्मचारी नाहीत." ती खोटं बोलत नव्हती. मग त्याला पहिल्यांदा मारलं. गयाबाई मध्ये पडली म्हणून थोडक्यात निभावलं. "मारू नगा, आधी माधवला बोलवा," ती म्हणत होती. माझा फोन लग्नाच्या बॅंडमध्ये कोणाला ऐकू येणार? लोकांनी त्याला सेलसकट पोलिसांत नेऊन बसवलं.

फोन बघितल्यावर मी जेवणाच्या पंगतीतून उठलो. ठाण्यात पोचलो तेव्हा दुपार कलली होती. सिद्धार्थ बाकावर बसला होता. ओठ सुजलेला, बाही फाटलेली. पायाशी गोणपाटातला सेल. दारात गयाबाई पदर तोंडाला लावून उभी. मला बघून म्हणाली, "माधवा, मला काय ठाव रं बाबा? तुजा शर्ट कुठं गेला? तुमा लोकांचा शर्ट बघून तर आमी मानूस वळकतो."

आणि आतल्या खुर्चीवर जगदाळे साहेब बसले होते.

हे मला खटकलं. टॉवर बंद पडल्यावर मी किती वेळा नांदेडला फोन करून माणूस मागितला आहे. साहेब दुसऱ्या दिवशीसुद्धा आले नाहीत. आणि आज माझ्या आधी हजर! त्यांनी मला कोपऱ्यात घेतलं, खांद्यावर हात ठेवला. "माधवराव, काळजी करू नका. तुम्ही फक्त एवढंच सांगा की हा माझा माणूस आहे, माझ्या फर्मतर्फे मी पाठवला होता. तुमच्या करारात तसं कलम आहेच. पाच मिनिटांत सुटतो."

तोवर मला ते कधी माधवराव म्हणाले नव्हते. मी विचारलं, "साहेब, तुमीच सांगा ना, कंपनीचा मानूस हाय म्हनून. समद्या टॉवरची जबाबदारी तुमचीच हाय."

"मी तसं कसं म्हणणार? तो आपला कर्मचारी नाही."

आम्ही हवालदारांसमोर गेलो. थोराड, शांत माणूस. त्यांनी सिद्धार्थला पूर्ण नाव विचारलं, आडनाव पुन्हा विचारलं, गाव विचारलं, गावात कुठल्या बाजूला राहतो तेही विचारलं. सिद्धार्थनं सगळं सांगितलं आणि माझ्याकडं बघून हळूच म्हणाला, "भाऊ, शर्ट व्हता तवर आडनाव कोनी इचारत नव्हतं."

इतकी वर्षं बरोबर काम केलं, त्या शर्टाचा मला नुसता उकाडा आठवत होता. त्याच्यासाठी तो काय होता हे मला तिथं कळलं. अर्जासाठी तो का जिवाचं रान करत होता तेही कळलं. आणि मी त्याला पुढारी व्हायचंय का म्हणून पारखत बसलो होतो.

हवालदारांनी साहेबांकडं मोर्चा वळवला. "तुमी कंपनीचे ना? मंग तुमीच सांगा, हा तुमचा हाय का न्हाई?"

"कंपनीनं हे काम फर्मना दिलेलं असतं," साहेब म्हणाले.

"फर्म ऱ्हाऊ द्या. तुमचं वळखपत्र दाखवा."

साहेबांनी खिसे चाचपले. मग पाकिटातून एक कार्ड काढलं. त्यावर त्यांचंच नाव आणि खाली सल्लागार असं छापलेलं. मी डोळे फाडून बघत राहिलो. त्यांचाही शर्ट गेला होता! नांदेडला आम्हाला समोसे चारणारा माणूससुद्धा कंपनीचा नव्हता.

हवालदारांनी कार्ड उलटसुलट करून बघितलं. "म्हंजी ह्यो बी न्हाई, त्यो बी न्हाई, तुमी बी न्हाई. अवो, येवढा लोखंडाचा टॉवर हुबा हाय, त्याला कंपनीचं मानूस कोनीच न्हाई? का गयाबाईनं पेरला तो?" बाकीचे पोलीस हसले. साहेबांच्या कपाळाला घाम आला. क्षणभर मला त्यांची कीव आली. मग मला वाटलं, ज्याची स्वतःची खुर्ची डळमळीत तोच दुसऱ्याची खुर्ची आधी काढून घेतो, आणि कीव गेली.

"आता आयका," हवालदार म्हणाले. "कुनीतरी येकानं मला लिहून द्या, ह्याला आमी पाठवला. न्हाईतर मला गुन्हा नोंदवावा लागंल. गावकरी बाहेर बसून हायेत."

गुन्हा नोंदवला तर काय होतं हे मला माहीत होतं. बॅटरीचोरीत नाव आलेल्या माणसाच्या हातात पुन्हा कोणी टॉवरची किल्ली देत नाही. सिद्धार्थचं हे काम कायमचं गेलं असतं. उलट मी लिहून दिलं असतं तर? साहेब इतक्या लगबगीनं का आले ते आता माझ्या लक्षात यायला लागलं होतं. अर्जात आम्ही सगळे म्हणत होतो, आमची फर्म वगैरे काही नाही, आम्ही कंपनीचे नोकर आहोत. आणि आता मी स्वतःच्या हातानं लिहून देणार की माझी फर्म आहे आणि तिच्यात माणसं आहेत.

सिद्धार्थला ते माझ्या आधी कळलं होतं. तो बाकावरून उठला. "भाऊ, म्हनू नगा. त्यांला म्हनू द्या कंपनीचा हाय म्हनून. मी बसतो हितं. करू द्या काय गुन्हा करायचा तो. तुमी म्हनलं तर समद्यांचा अर्ज मेला."

साहेब म्हणाले, "माधवराव, पोराच्या आयुष्याचा प्रश्न आहे."

ते बरोबर बोलत होते आणि त्यांना त्या पोराचं काही पडलेलं नव्हतं, दोन्ही खरं होतं. मी सिद्धार्थच्या सुजलेल्या ओठाकडं बघितलं. अर्जावरच्या सगळ्या सह्या डोळ्यांपुढं आणायचा प्रयत्न केला, त्या काही येईनात. त्याला मीच पाठवलं होतं. लग्नात जेवायला मिळावं म्हणून पाठवलं होतं.

"लिहा," मी हवालदारांना म्हणालो. "हा माझा मानूस हाय. मी पाठवला व्हता."

सिद्धार्थ खाली बसला. माझ्याकडं बघेना. हवालदारांनी जबाब लिहिला, मी सही केली. शाई वाळायच्या आत साहेबांनी मोबाइल काढून त्या कागदाचा फोटो घेतला. हवालदार त्यांच्यावर डाफरले, पण फोटो निघून गेला होता. गयाबाईनं गावकऱ्यांना परत पाठवलं, सिद्धार्थच्या डोक्यावरून हात फिरवला आणि चहा पी म्हणाली. त्यानं घेतला नाही. मोटारसायकलवर माझ्या मागं बसून तो घरापर्यंत आला.

पुढं जे व्हायचं ते झालं. अधिकारी आले, एकेकाला बोलावलं. कंपनीच्या वकिलानं माझा जबाब पुढं ठेवला. बघा साहेब, ह्यांच्या स्वतःच्या फर्म आहेत, ह्यांची माणसं आहेत, आपल्या जागी माणूस पाठवतात, हे नोकर कसे? अधिकारी भला माणूस वाटला. त्यानं मला विचारलं, "ही सही तुमची?" माझी होती. "दबावाखाली केली का?" मी म्हणालो, न्हाई, जे घडलं ते सांगितलं. काय सांगणार? पाठवला होता हे खरंच होतं. त्यानं कागद बाजूला ठेवला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "मग तुम्ही मालक झालात. तुमचा माणूस टॉवरवर चढतो. त्याचा विमा काढलाय का?"

खोलीतले सगळे हसले, जगदाळे साहेब सगळ्यात मोठ्यानं. मला हसू आलं नाही. एवढा कडक नियम सगळा जिल्हा फिरून आला, त्याला दुसरं कोणी सापडलं नाही आणि सापडलो तो मी!

अर्ज फेटाळला गेला. अन्वरनं फोन करून विचारलं, "भाऊ, सच बोलो, कंपनी से क्या तय हुआ था?" मी काही ठरलं नव्हतं म्हणालो. तो "अच्छा" म्हणाला. त्या अच्छामध्ये काय होतं ते मला चांगलं कळलं, कारण तसं अच्छा मी आयुष्यभर लोकांना म्हणत आलोय. वसमतच्या बाजारात आमच्यातलेच दोघं मला बघून दुसऱ्या गल्लीत वळले. घरी सुमन म्हणाली, तुमी बराबर केलं. तिचं एकटीचं मत माझ्या बाजूचं होतं आणि फर्मला तिचंच नाव होतं. मला फार वाईट वाटलं. आजही वाटतं. त्या खोलीत दुसरं काही सुचायला हवं होतं असं वाटतं, पण ते काय हे मला अजून सुचलेलं नाही.

यंदा माझा गुडघा गेला. आता वर चढणं होत नाही. खालचं काम मी करतो, वरचं असलं की सिद्धार्थला बोलावतो. तो येतो, काम करतो, कामापुरतं बोलतो. कागदावर होता तसा आता तो खरोखरच माझ्या जागी जातो. गयाबाई त्याला लांबून ओळखते, त्याच्या हातात हळदीची दोन कांडं ठेवते. तरी वर चढताना तो लहान लहान होत जातो आणि मी खाली मान वर करून उभा असतो, तेव्हा त्या अधिकाऱ्याचा प्रश्न मला रोज नव्यानं ऐकू येतो.

शेवटी मी बाजारातल्या विमावाल्याकडं गेलो आणि अपघात विम्याचा अर्ज भरून आणला. विमा सिद्धार्थच्या नावाचा. मालक म्हणून माझं नाव. एका सकाळी टॉवरखाली तो पट्टा बांधत होता तेव्हा पुढं केला. म्हणालो, हितं सही कर.

त्यानं पट्टा सोडला. अर्ज घेतला, पुढून वाचला, मागून वाचला, बारीक अक्षरातलं डोळ्याजवळ धरून वाचलं. मग माझ्याकडं बघितलं. कुलूप हातात घेऊन मी बघतो तसंच.

"हे कुनी सांगितलं?"

"कुनी न्हाई."

"साहेबानं?"

"न्हाई रे."

"मंग काहून? याच्यात तुमचा काय फायदा, भाऊ?"

"तू वर चढतोस म्हनून," मी म्हणालो. दुसरं कारण नव्हतं, पण माझं मलाच ते अपुरं वाटलं.

त्यानं अर्जाची घडी करून खिशात ठेवली. "वाचून सांगतो," म्हणाला, पट्टा बांधला आणि चढायला लागला. मी नेहमीसारखा खाली उभा राहिलो. तो वर पोचून पट्ट्याचा आकडा लोखंडात अडकवेपर्यंत मी नजर हलवली नाही.

पुढच्या आठवड्यात तो अर्ज घेऊन आला. खाली सही होती. मधल्या काळात वसमतला जाऊन वकीलसाहेबांना दाखवून आला होता, ह्यात काही मेख तर नाही ना म्हणून. हे त्यानंच सांगितलं, मान खाली न घालता. मला राग आला नाही. त्याच्या जागी मी असतो तर दोन वकिलांना दाखवला असता.